वाटांचे गणित : किल्लारी ते गंजगोलाई

लातूर शहराच्या मधोमध गंजगोलाई आहे. गोल आकाराची बाजारपेठ, मध्यभागी देवीचे देऊळ आणि चारही बाजूंनी येऊन मिळणारे सोळा रस्ते. रस्त्यागणिक वेगळ्या मालाचा बाजार. लातुरातून दक्षिणेकडे औसा, लामजना करीत चाळीसेक किलोमीटर गेलो की नवी किल्लारी लागते. तिथे गोल काहीच नाही. सरळ, रुंद, एकमेकांना काटकोनात छेदणारे रस्ते आणि सुटी सुटी घरे. तिच्याजवळच जुन्या किल्लारीची जागा आहे. एके काळी तिथे दगडी भिंतींना भिंती लागलेल्या होत्या आणि त्यांच्यामधून गल्ल्या-बोळ वाकत वळत जात होते.

एक गोल, एक चौकोनी आणि एक झाडाच्या फांद्यांसारखा असे हे तीन नकाशे. वस्तीतून माणसे, माल आणि विचार कसे फिरतात हे समजून घ्यायला मुंबईसारखे महानगर निवडण्याची आपली सवय असते. पण महानगरात इतक्या गोष्टी एकाच वेळी चाललेल्या असतात की कशामुळे काय घडते हे सांगणे कठीण. किल्लारी परिसरात मात्र १९९३ नंतर एक विलक्षण गोष्ट घडली. माणसे तीच राहिली, शेते तीच राहिली, पण वस्तीचा नकाशा बदलला. प्रयोगशाळेत आम्ही हेच करतो. बाकी सर्व स्थिर ठेवायचे आणि एकच गोष्ट बदलून पाहायची. फरक इतकाच, की हा प्रयोग कुणी हौसेने केलेला नव्हता. त्याची किंमत हजारो माणसांनी प्राण देऊन मोजली होती. म्हणूनच त्यातून मिळणारा धडा नीट समजून घेणे आपले कर्तव्य ठरते.

तीन प्रवाह, तीन स्वभाव

वस्तीत तीन प्रवाह सतत वाहत असतात. पहिला माणसांचा. सकाळी घरातून बाहेर पडलेला माणूस संध्याकाळी घरी परततो. या प्रवाहाला भरती-ओहोटी असते, पण दिवसाचा जमाखर्च शून्य येतो. दुसरा प्रवाह मालाचा. ज्वारी, भाजी, सिमेंट, रॉकेल, पाणी. माल बहुधा एकाच दिशेने जातो आणि वापरला जातो. जितका आत आला तितका एक तर खर्च झाला, बाहेर गेला किंवा साठून राहिला. हा हिशेब चुकत नाही.

तिसरा प्रवाह विचारांचा, म्हणजे बातमी, कसब, अनुभव, अफवा या सर्वांचा. याचा स्वभाव अगदी निराळा. मी तुम्हाला पायलीभर ज्वारी दिली तर माझ्याकडे तेवढी कमी होते. मी तुम्हाला भिंत बांधण्याची नवी पद्धत सांगितली तर ती तुमच्याकडे जाते आणि माझ्याकडेही राहते. विचार वाटल्याने वाढतो. पण वाटेत त्याचे रूप बदलू शकते, जे पोत्यातल्या ज्वारीच्या बाबतीत होत नाही.

असे असले तरी तिन्ही प्रवाहांना लागणाऱ्या वाटा बऱ्याच अंशी एकच असतात. म्हणून नकाशा बदलला की तिन्हींवर परिणाम होतो.

एका तासाचा नियम

माणूस रोज प्रवासात किती वेळ घालवतो? याकोव्ह झहावी या अभ्यासकाने १९७० च्या दशकात निरनिराळ्या शहरांची आकडेवारी तपासली. सरासरी काढली तर हा वेळ दिवसाला एका तासाच्या आसपास येतो, असे त्याला आढळले. पुढे १९९४ मध्ये चेझारे मार्केटी या इटालियन शास्त्रज्ञाने हाच धागा इतिहासात मागे नेला. त्याचे म्हणणे असे, की माणूस चालत असो की मोटारीत बसलेला असो, वेळेचा हा हिशेब फारसा बदलत नाही. बदलते ते अंतर.

याचा अर्थ सोपा आहे. चालण्याचा वेग ताशी ५ किलोमीटर धरला तर जाण्याच्या अर्ध्या तासात अडीच किलोमीटर होतात. पायी चालणाऱ्यांच्या जुन्या नगरांचा पसारा साधारण या मापात का राहिला, याचे हे एक उत्तर. मुंबईत १८५३ मध्ये आगगाडी आली आणि हे माप ताणले गेले. आज चर्चगेटपासून साठ किलोमीटरवरच्या विरारहून माणसे रोज कामाला येतात. अर्थात हा सरासरीचा नियम आहे, निसर्गाचा कायदा नव्हे. विरारचा प्रवासी एका तासापेक्षा कितीतरी जास्त वेळ मोजतो आणि तो वेळ त्याच्या झोपेतून व मुलाबाळांतून वजा होतो. नियम मोडता येतो, पण मोडल्याचा दंड भरावाच लागतो. हा दंड पुढे किल्लारीच्या संदर्भात आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

सोळा ठिकाणे जोडायची कशी?

आता नकाशांकडे वळू. समजा, सोळा ठिकाणे एकमेकांना जोडायची आहेत. प्रत्येक ठिकाणापासून उरलेल्या प्रत्येक ठिकाणी थेट रस्ता काढायचा तर सोळा गुणिले पंधरा भागिले दोन, म्हणजे १२० रस्ते लागतील. एवढे रस्ते कुणालाच परवडत नाहीत. मग काटकसर करावी लागते. ती तीन प्रकारे करता येते.

पहिला प्रकार गंजगोलाईचा. मध्ये एक केंद्र घ्यायचे आणि प्रत्येक ठिकाण त्याला जोडायचे. १२० ऐवजी १६ रस्त्यांत काम भागते. कुठूनही कुठेही जायला दोनच टप्पे, आधी केंद्र आणि मग हवे ते ठिकाण. ग्राहक आणि व्यापारी एकाच जागी येणार असल्याने बाजारासाठी ही रचना उत्तम. एखादा रस्ता बंद पडला तर फक्त एक ठिकाण तुटते. पण केंद्रच तुंबले तर सोळाही ठिकाणे एकदम अडतात. २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या पावणेचार लाखांवर गेली होती. एवढ्या शहरात सणासुदीच्या गर्दीत मध्यभागातून वाहन काढण्याचा अनुभव ज्याने घेतला आहे त्याला हे वेगळे सांगायला नको.

दुसरा प्रकार झाडाचा. वेशीपासून एक मोठी गल्ली निघते, तिला लहान गल्ल्या फुटतात, त्यांना बोळ फुटतात आणि बोळाच्या शेवटी घरे असतात. मराठवाड्यातली जुनी गावठाणे बहुतेक अशीच वाढली. इथे सोळा ठिकाणांना फक्त १५ दुवे पुरतात. जागा कमीत कमी लागते. परका माणूस बोळात शिरला की लगेच ओळखू येतो. उन्हाळ्यात भिंतींची सावली पडते. दोष एकच, पण मोठा. कोणताही एक दुवा तुटला की त्याच्या पलीकडचे सारे तुटते. वळसा घालून जायला दुसरी वाटच नसते.

तिसरा प्रकार जाळीचा. चार ओळींत चार अशी सोळा ठिकाणे मांडली आणि शेजारच्या ठिकाणांना जोडले की २४ दुवे लागतात. झाडापेक्षा नऊ जास्त. पण बदल्यात काय मिळते? एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात जायला तीन टप्पे आडवे आणि तीन टप्पे उभे चालावे लागतात. हे सहा टप्पे किती प्रकारे मांडता येतील? वीस प्रकारे. म्हणजे एकाच लांबीच्या वीस वाटा. एक बंद पडली तरी काही बिघडत नाही. (अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी हे क्रमचय-संचयाच्या सूत्राने पडताळावे, लहान वर्गांनी चौकटीच्या वहीत पेन्सिलीने वाटा काढून मोजाव्यात.)

पहाटे तीन वाजून छप्पन मिनिटे

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून उशिरा झोपलेली गावे गाढ झोपेत असताना पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. त्याची क्षमता ६.२ होती. जगाच्या मानाने हा भूकंप फार मोठा नव्हे, पण तो जमिनीखाली फार खोल नव्हता आणि थेट वस्तीखाली होता. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांतली गावे कोसळली. अधिकृत नोंदीनुसार सुमारे आठ हजार माणसे दगावली. इतर अंदाज दहा हजारांपर्यंत जातात.

घरे का पडली याची चर्चा पुष्कळ झाली आहे. दोन-तीन फूट जाडीच्या भिंती, गोलसर दगड, चुन्याऐवजी माती, बाहेरचा आणि आतला थर बांधून ठेवणारे आरपार दगड नाहीत आणि वर मातीच्या जाड थराचे वजनदार माळवद. हादऱ्याने भिंतीचे दोन्ही थर फाकले, माती खाली आली आणि माणसे दगडमातीत गाडली गेली.

पण घरांइतकाच दोष वाटांकडेही जातो आणि त्याची चर्चा कमी झाली आहे. भिंत पडते तेव्हा ती बोळात पडते. सहा-आठ फुटी बोळाच्या दोन्ही बाजूंच्या जाड भिंती आत कोसळल्या की बोळ उरतच नाही. वरच्या नियमाप्रमाणे एक दुवा तुटला आणि पलीकडची सगळी घरे तुटली. वाचलेल्या माणसाला बाहेर पडता येईना आणि मदतीला आलेल्या माणसाला आत शिरता येईना. दाट वस्ती रोजच्या जगण्यात माणसांना जवळ ठेवते. त्या पहाटे तोच दाटपणा सापळा ठरला.

मदतीची रांग

सकाळ झाली, बातमी पसरली आणि मदत निघाली. ट्रक, जीप, रुग्णवाहिका, एस.टी. गाड्या आणि त्यांच्याबरोबर बघ्यांची गर्दी. पुढच्या दिवसांत पाऊसही झाला. इथे मालाच्या प्रवाहाचा एक महत्त्वाचा नियम दिसतो.

रस्त्यावरून तासाला किती वाहने जातील हे दोन गोष्टींवर अवलंबून असते. एका किलोमीटरमध्ये किती वाहने आहेत आणि ती किती वेगाने जात आहेत. दोन्हींचा गुणाकार केला की प्रवाह मिळतो. रस्ता रिकामा असेल तर वेग भरपूर, पण वाहने नाहीत, म्हणून प्रवाह शून्य. रस्ता ठासून भरला तर वाहने भरपूर, पण वेग नाही, म्हणून प्रवाह पुन्हा शून्य. या दोन शून्यांच्या मध्ये कुठेतरी प्रवाह सर्वाधिक असतो. अमेरिकन अभियंता ब्रूस ग्रीनशील्ड्स याने १९३० च्या दशकात प्रत्यक्ष मोजणी करून हे दाखवले. तात्पर्य असे, की एका मर्यादेपलीकडे जितकी जास्त वाहने पाठवाल तितकी मदत कमी पोहोचेल.

आकड्यांत पाहू. समजा, एका अरुंद रस्त्यावरून तासाला ४० ट्रक आत जाऊ शकतात आणि ६० येत आहेत. दर तासाला २० ट्रक मागे उरतात. सहा तासांत १२० ट्रकची रांग होते. एका ट्रकला १० मीटर जागा धरली तर रांग बाराशे मीटर लांब. आता येणे पूर्ण थांबले तरी ती रांग संपायला तीन तास लागतील. शिवाय एकेरी डांबरी रस्त्यावर समोरून वाहन आले की एकाला खाली उतरावे लागते. मराठवाड्याच्या काळ्या मातीत पावसानंतर चाक उतरले की ते रुतलेच. रुतलेल्या एका ट्रकमुळे चाळिसाची क्षमता वीसवर येते आणि रांग दुपटीने वाढू लागते.

म्हणून आपत्तीच्या वेळी जाण्याचा आणि येण्याचा रस्ता वेगळा ठेवणे, बघ्यांना दूर थोपवणे आणि कोणता माल आधी जाईल हे ठरवणे ही कामे ट्रक भरण्याइतकीच महत्त्वाची असतात. विद्यार्थ्यांना हे सांगितलेच पाहिजे, कारण उद्या बघायला जाणाऱ्यांत किंवा मदत पाठवणाऱ्यांत तेच असणार आहेत.

नवे गाव, लांब वाटा

यानंतर राज्य शासनाने जागतिक बँकेच्या कर्जाने आणि अनेक संस्थांच्या मदतीने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. सर्वाधिक हानी झालेली ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. किल्लारी त्यांतले एक. घरे जमीनधारणेप्रमाणे तीन आकारांची होती, २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची. घराभोवती मोकळी जागा, रुंद रस्ते, चौकोनी आखणी. पुन्हा भिंत पडली तरी ती रस्ता अडवणार नाही, हा विचार त्यामागे होता. तो चुकीचा नव्हता. लोकांनाही दगडी भिंतीची आणि बोळाची दहशत बसली होती.

पण जाळीचा नकाशा फुकट मिळत नाही. गावाचे क्षेत्रफळ कित्येक पटींनी वाढले. त्याचा अर्थ काय होतो ते एका काल्पनिक गावावर करून पाहू. जुने गावठाण ३०० मीटर लांब आणि ३०० मीटर रुंद, म्हणजे ९ हेक्टर. वस्ती १,८०० माणसांची. नवे गाव ९०० बाय ९०० मीटर, म्हणजे ८१ हेक्टर. माणसे तेवढीच.

चौकोनी आखणीत तिरके जाता येत नाही. आधी आडवे, मग उभे चालावे लागते. एका रेषेवर कुठेही दोन बिंदू घेतले तर त्यांच्यातले सरासरी अंतर रेषेच्या लांबीच्या एक तृतीयांश असते. आडवे एक तृतीयांश आणि उभे एक तृतीयांश मिळून चौकोनाच्या बाजूचे दोन तृतीयांश होतात. जुन्या गावालाही हाच हिशेब लावला तर दोन घरांमधले सरासरी अंतर २०० मीटर येते आणि नव्या गावात ६०० मीटर. क्षेत्रफळ नऊपट झाले, अंतर तिप्पट झाले. अंतर क्षेत्रफळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, हा इथला पहिला नियम.

तिप्पट म्हणजे फार नव्हे, असे वाटेल. २०० मीटरला अडीच मिनिटांहून थोडे कमी लागतात, ६०० मीटरला सुमारे सात. पण एखादी बाई दिवसातून पाच वेळा घराबाहेर जाते असे धरा. दळण, दुकान, अंगणवाडी, नातेवाईक, गोठा. जाऊन-येऊन जुन्या गावात तिचे २४ मिनिटे चालणे होई, नव्या गावात ७२ मिनिटे. एका तासाचा नियम आठवा. शेतावर जाण्यापूर्वीच तिचा दिवसाचा सगळा तास संपला! विरारच्या प्रवाशाचा दंड इथे सायकलही न चालवणाऱ्या बाईला भरावा लागतो. वयस्क माणसांचे पाय तर तेवढेही चालत नाहीत.

दुसरा नियम अधिक कडक आहे. घरापासून दोन मिनिटांच्या टप्प्यात, म्हणजे साधारण १५० मीटरच्या वर्तुळात, किती माणसे राहतात? वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे ७ हेक्टर. जुन्या गावात हेक्टरी २०० माणसे, म्हणजे १,४००. नव्या गावात हेक्टरी २२, म्हणजे सुमारे १५५. अंतर तिप्पट झाले, पण हाकेच्या टप्प्यातली माणसे मात्र एक नवमांश राहिली. त्यात घरे जमिनीच्या वर्गवारीप्रमाणे वाटली गेली की भाऊबंद आणि जुने शेजारी वेगवेगळ्या रांगांत जाणार. जवळ राहिलेल्या त्या दीडशेंमध्येही ओळखीचे किती, हा प्रश्न उरतोच. घर मिळाल्यावरही माणसांना एकटेपणा का वाटतो, याचे सगळे उत्तर मानसशास्त्रात शोधण्याची गरज नाही. थोडे उत्तर भूमितीत आहे.

मालाचेही तसेच. डोक्यावर पाटी घेऊन फिरणारी भाजीवाली घ्या. शंभर घरांची दारे पाच-पाच मीटरवर असतील तर तिला अर्धा किलोमीटर चालावे लागते. पंधरा-पंधरा मीटरवर असतील तर दीड किलोमीटर. तेवढीच भाजी, तेवढीच कमाई, चालणे तिप्पट. मग पाटी जाऊन हातगाडी येते, हातगाडी जाऊन मोटारसायकल येते, आणि जिला ती घेणे जमत नाही ती या धंद्यातून बाहेर पडते. पाण्याच्या नळाची लांबीही अशीच वाढते. लांब नळात घर्षणामुळे दाब कमी होतो, शेवटच्या घराला पाणी मंद येते, आणि जितके सांधे जास्त तितक्या गळतीच्या जागा जास्त. रस्ता, गटार, विजेची तार, सगळ्यांना हाच हिशेब लागू. बांधून देणारा एकदाच खर्च करतो, दुरुस्ती मात्र ग्रामपंचायतीच्या माथी कायमची येते.

विचार कोणत्या वाटेने जातो?

आता तिसरा प्रवाह. त्याची गोष्ट भूकंपाच्या आधीपासून सुरू होते. १९९२ मध्ये किल्लारी परिसरात लहान धक्क्यांची मालिका जाणवली होती. त्यांतला १८ ऑक्टोबरचा धक्का सुमारे ४ क्षमतेचा होता. म्हणजे सूचना मिळाली होती. पण त्या काळच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या पट्ट्यात होता. दख्खनचे पठार स्थिर आहे, हा विचार इतका रुजलेला होता की धक्के जाणवूनही घरे मजबूत करण्याचा विचार गावापर्यंत पोहोचला नाही. नकाशा बदलून हा भाग तिसऱ्या पट्ट्यात गेला तो २००२ मध्ये. कागदावरचा विचारही किती सावकाश हलतो, याचे हे उदाहरण.

भूकंपानंतर उलटे झाले. दगडाचे घर म्हणजे मृत्यू, असा विचार वाऱ्यासारखा पसरला. तो अर्धवट होता. दोष दगडाचा नव्हता, दगड कसा बांधला याचा होता. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार दगड घातले, दाराच्या वरच्या पातळीला सळयांसह काँक्रीटचा सलग पट्टा फिरवला, कोपरे बांधून घेतले आणि माळवदावरची माती कमी केली तर तेच घर पुष्कळ सुरक्षित होते. हा विचार पसरवणे फार गरजेचे होते, कारण नव्या जागी न हलवलेल्या दोन हजारांहून अधिक गावांत पावणेदोन लाखांहून अधिक घरांची दुरुस्ती व्हायची होती.

नवा विचार पसरण्याचे गणित गमतीचे आहे. शंभर घरांच्या गावात नवी पद्धत माहीत असलेले घर आणि माहीत नसलेले घर यांची गाठ पडली तरच ती पुढे जाते. एकालाच माहीत असेल तर अशा जोड्या १ गुणिले ९९, म्हणजे ९९. पन्नासांना माहीत असेल तर ५० गुणिले ५०, म्हणजे २,५००. नव्वदांना माहीत असेल तर ९० गुणिले १०, म्हणजे ९००. म्हणून नवा विचार सुरुवातीला रांगतो, मध्ये धावतो आणि शेवटी पुन्हा मंदावतो. स्वीडनमधला भूगोलतज्ज्ञ टॉर्स्टन हेगरस्ट्रँड याने १९५० च्या दशकात शेतकऱ्यांमध्ये नव्या पद्धती कशा पसरतात याचा अभ्यास करून या विषयाचा पाया घातला. यातून निघणारा व्यावहारिक धडा असा, की खरी मेहनत सुरुवातीच्या रांगण्याच्या काळात करायची असते.

ती मेहनत इथे झाली. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या स्त्रिया ‘संवाद साहाय्यक’ म्हणून काम करू लागल्या. घरमालक, गवंडी आणि अभियंता यांच्यामधला दुवा त्या झाल्या. कागदावरचा पट्टा भिंतीवर नीट उतरला की नाही, हे पाहणारे कुणीतरी गावातच हवे होते. कारण विचार वाटेत बदलतो. मुले कानगोष्टींचा खेळ खेळतात तेव्हा पहिल्याचे वाक्य शेवटच्यापर्यंत काय होऊन पोहोचते हे आपण सर्वांनी पाहिले आहे. ‘पट्टा घाला’ एवढेच पुढे गेले आणि ‘कोपऱ्यात सळई वळवून बांधा’ हे वाटेत गळले, तर पट्टा दिसतो पण काम करत नाही.

आणखी एक गोष्ट. जवळच्या माणसांकडून आपल्याला आधार मिळतो, पण नवी माहिती बहुधा दूरच्या ओळखीतून येते. जवळच्यांना जे माहीत असते ते आपल्यालाही माहीत असतेच. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये हे मांडले. आपल्याकडे अशी दूरची ओळख म्हणजे सोयरीक, आठवडी बाजार आणि एस.टी.तला शेजारचा प्रवासी. मुलगी दिलेल्या गावात घर कसे बांधले, हे पाहून आलेला बाप आपल्या गावात चार जणांना सांगतो. पुढे २००१ मध्ये कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा लातूर परिसरातल्या स्त्रिया तिथे गेल्या आणि आपला अनुभव त्यांनी तिथल्या स्त्रियांना सांगितला. किल्लारीत महाग मोलाने मिळालेला विचार हजार किलोमीटरच्या आसपास प्रवास करून गेला आणि किल्लारीतून कमी झाला नाही.

मग नकाशा कसा असावा?

एखादा विद्यार्थी विचारील, की यातला बरोबर नकाशा कोणता? गोल, झाडासारखा की जाळीचा? उत्तर असे, की प्रत्येक नकाशा कशाची तरी किंमत देऊन काहीतरी विकत घेतो. झाड जवळीक देते आणि पर्यायी वाट हिरावून घेते. गोल बाजार जमवतो आणि मध्यभागी तुंबतो. जाळी सुटकेच्या वीस वाटा देते आणि रोजचे चालणे वाढवते. भूकंप शंभर वर्षांत एखादेवेळी येतो, दळण रोज असते. दोन्हींचा विचार एकाच वेळी करावा लागतो. रस्ते जाळीचे, पण घरे फार विरळ नाहीत. सात-आठ घरांमध्ये एक सामाईक अंगण. भाऊबंद आणि शेजारी विचारून केलेले घरांचे वाटप. दुकान, गिरणी, अंगणवाडी एकाच टोकाला न ठेवता गावभर विखुरलेली. यासाठी निराळे पैसे लागत नाहीत, नकाशा काढण्यापूर्वी माणसांच्या वाटा मोजाव्या लागतात.

गेल्या तीसहून अधिक वर्षांत लोकांनी हे काम आपल्या परीने केलेच आहे. घरांना खोल्या जोडल्या गेल्या, पत्र्याची शेड उभी राहिली, झाडे वाढली. आखणाऱ्याने सोडलेली मोकळी जागा राहणारे हळूहळू भरत आले आहेत. जोडलेल्या खोल्यांच्या भिंतींत तो पट्टा आहे की नाही, हा प्रश्न मात्र प्रत्येक घरी विचारायला हवा. भूकंप न पाहिलेली पिढी आता घरे बांधते आहे आणि न वापरलेला विचार विसरला जातो.

शेवटी वर्गासाठी एक काम. प्रत्येक विद्यार्थ्याने एका दिवसात घरातली एक मोठी व्यक्ती कुठे कुठे गेली, किती पावले चालली आणि वाटेत कुणाकुणाशी बोलली, याची नोंद करावी. शक्यतो आई किंवा आजीची नोंद घ्यावी, कारण त्यांच्या वाटा कुठल्याच नकाशावर नसतात. सर्वांच्या नोंदी गावाच्या एकाच मोठ्या नकाशावर रंगीत रेघांनी काढाव्यात. मग कोणती वाट सर्वांत जाड झाली ते पाहावे आणि ती वाट बंद पडली तर लोक कुठून जातील, हे वर्गाला विचारावे. वळसा घालायला दुसरी वाट सापडली नाही, तर तो नकाशा ग्रामसभेत नेऊन दाखवावा.